लाइट परत आली की...

फिश टँकच्या दिव्यासाठी टायमर घ्यायला निघालेला माणूस दुकानात बहुधा तीन गोष्टी विचारतो: केवढ्याला, किती अँपिअरचा आणि मोबाइलवर चालतो का. वारासिवनीच्या माणसानं या तिन्हींच्या आधी चौथी गोष्ट विचारावी. लाइट जाऊन परत आली, की हा टायमर काय करतो?

बालाघाटहून कटंगीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे गाव धानाचं आणि हातमागाच्या साड्यांचं. टँकचं सामान घ्यायला इथला माणूस बालाघाट, गोंदिया किंवा थेट नागपूर गाठतो, नाहीतर घरबसल्या मागवतो. पाकिटावर लिहिलेली माहिती मात्र बहुतेक वेळा वीज कधी जातच नाही असं धरून लिहिलेली असते. इथे उन्हाळ्यातल्या भर दुपारी, जूनच्या पहिल्या वादळात किंवा तारांच्या दुरुस्तीसाठी लाइट जाते हे गृहीतच धरायचं. म्हणून या प्रकरणात प्रत्येक टायमर याच एका कसोटीवर तपासू. त्याआधी टायमर लावायचा तरी कशासाठी, ते पाहू.

माशाला रात्र का लागते

टँकमधल्या माशांना पापण्या नसतात. डोळे मिटून अंधार करून घ्यायची सोय त्यांच्याकडे नाही, रात्र बाहेरूनच यावी लागते. शिवाय माशाचा डोळा उजेडाशी जुळवून घेतो तो सावकाश. आपल्या डोळ्यात बाहुली चटकन लहानमोठी होते. बहुतेक माशांच्या दृष्टिपटलातल्या पेशी मात्र प्रत्यक्ष जागा बदलतात. अंधारात मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशी पुढे येतात आणि शंकुपेशी मागे सरतात, उजेडात याच्या उलट होतं. या हालचालीला बराच वेळ लागतो. मध्यरात्री कुणी एकदम टँकचा दिवा लावला, की मासे काचेवर आदळत सैरावैरा पळतात, त्याचं एक कारण हे आहे.

उजेड ओळखायला माशाला डोळेच लागतात असंही नाही. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ उलगडून पुढे नोबेल मिळवणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९११ मध्ये मिनो या छोट्या माशावर प्रयोग केले. दृष्टी गेलेल्या माशाच्या डोक्यावर, मेंदूतल्या पिनियल ग्रंथीच्या भागावर उजेड पाडला किंवा तो झाकला, की त्याच्या कातडीचा रंग बदलत होता. २००० साली व्हिटमोर, फोक्स आणि सासोने-कोर्सी यांनी झेब्राफिशबद्दल आणखी नवल दाखवलं. या माशाचं हृदय आणि मूत्रपिंड शरीराबाहेर काढून पोषक द्रवात ठेवलं, तरी त्या अवयवांतलं जैविक घड्याळ उजेड-अंधाराच्या चक्राशी स्वतःला जुळवून घेत होतं. हा झेब्राफिश परका नाही. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं पहिलं वर्णन केलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याला १४ तास उजेड आणि १० तास अंधार अशा ठरलेल्या दिवसावर वाढवतात, कारण त्याची मादी अंडी घालते ती उजाडल्यावर. रोज वेगळ्या वेळी उजाडलं, तर सगळं वेळापत्रकच कोलमडतं.

आपल्या बांधीत आणि बोडीत सापडणारा शिंगी मासाही दिवस मोजतो. दिल्ली विद्यापीठात बी. आय. सुंदरराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात शिंगीवर दीर्घ अभ्यास केला. दिवसाची लांबी आणि पाण्याचं तापमान यांवर मादीच्या अंडाशयाची वाढ कशी अवलंबून असते, हे त्यातून पुढे आलं.

घरात हे पाहायचं असेल, तर निऑन टेट्रा पाळावेत. सकाळी दिवा लागण्यापूर्वी टँकमध्ये डोकावलं, तर त्यांचा निळा पट्टा मावळलेला आणि लाल रंग फिका पडलेला दिसतो. दिवा लागल्यावर थोड्या वेळानं रंग पुन्हा चढतो. टायमर ही माणसाची सोय आहेच, पण पहिला हक्क माशाच्या रात्रीचा.

दिवस किती तासांचा

वारासिवनी पावणेबावीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथला जूनमधला सर्वांत मोठा दिवस साधारण १३ तास २५ मिनिटांचा, तर डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस पावणेअकरा तासांचा. म्हणजे इथल्या तळ्यातल्या माशाला वर्षभरात पावणेतीन तासांच्या आतबाहेरचा फरक सोसावा लागतो. टँकचा दिवा मात्र बारा-तेरा तास चालवू नये. खोलीत दिवसाचा उजेड असतोच, आणि टँकवरचा दिवा सूर्यासारखा हळूहळू चढत-उतरत नाही. तो पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत सारख्याच जोरानं जळतो.

नव्या टँकमध्ये पहिले काही आठवडे ६ तास पुरे. वनस्पती रुजल्या, की ८ तासांपर्यंत जावं. शोभेचे मासे आणि प्लास्टिकची झाडं एवढंच असेल, तर ६ ते ८ तासांच्या पुढे जायचं कारणच नाही. काचेवर हिरवा थर आणि दगडांवर शेवाळाच्या जटा दिसू लागल्या, तर औषधाच्या बाटलीकडे जाण्याआधी दिव्याचा एक-दीड तास कमी करून पाहावा. दिवा कमजोर असेल, तर तास वाढवून वनस्पतींचं भलं होत नाही. त्यांना हवा असतो तो जोर. मंद उजेडात तासन्‌तास फोफावतं ते शेवाळ.

अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात मातीवर वाढवलेल्या वनस्पतींच्या टँकचा सविस्तर विचार मांडला. दुपारी दिव्याला विश्रांती देण्याची पद्धत त्यांच्यामुळे जगभर रूढ झाली. वनस्पती सकाळच्या काही तासांत पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरून टाकतात. दुपारी दिवा बंद ठेवला, तर मातीतलं कुजणं आणि माशांचा श्वास यांतून तो पुन्हा साठतो आणि संध्याकाळच्या उजेडात कामी येतो.

बालाघाट जिल्ह्यातल्या मे महिन्यासाठी तर ही पद्धत सोन्यासारखी आहे. २५ अंशांच्या पाण्यात सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू दर लिटरमागे मावतो. पाणी ३२ अंशांवर गेलं, की ७.३ च मावतो. दिवा उष्णता देतो आणि ती आधीच तापलेल्या पाण्यात मिसळते. सकाळी ८ ते १२ आणि संध्याकाळी ५ ते ९ असा दिवा ठेवला, तर भर दुपारची ही जादा उष्णता टळते, आठ तासही पूर्ण होतात आणि शाळेतून, दुकानातून घरी आलेल्या माणसांना टँक उजळलेला पाहायला मिळतो. यासाठी दिवसातून दोनदा चालू-बंद करणारा टायमर लागतो. आता एकेक टायमर पाहू.

खुंट्यांचा टायमर

प्लगमध्ये बसणारा, गोल तबकडीचा हा सर्वांत साधा टायमर. तबकडीच्या कडेला ९६ खुंट्या असतात, प्रत्येक खुंटी पंधरा मिनिटांची. काहींत अर्ध्या तासाच्या ४८ खुंट्या असतात. बहुतेक टायमरांत दाबलेली खुंटी म्हणजे दिवा चालू. सकाळी ८ ते १२ साठी सलग १६ खुंट्या दाबायच्या, ५ ते ९ साठी आणखी १६. मग तबकडी बाणाच्या दिशेनं फिरवून आत्ताची वेळ खुणेसमोर आणायची, की झालं. बाजूला एक छोटा खटका असतो, तो ‘टायमर’वर आहे ना, एवढं पाहावं. तो ‘कायम चालू’वर राहिला, तर खुंट्या कितीही नीट लावल्या तरी दिवा रात्रभर जळतो.

तबकडी फिरवणारी छोटी मोटर विजेच्या लहरींशी पाऊल जुळवून फिरते. आपल्याकडे या लहरी सेकंदाला ५० असतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ केव्ही वाहिनीनं दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं आणि भारतभर एकच ग्रिड झालं. तेव्हापासून कोराडी, चंद्रपूर, सारणी इथपासून दक्षिणेपर्यंतची जनित्रं लेझमीच्या पथकासारखी एका ठेक्यावर फिरतात आणि वारासिवनीच्या घरातली ही तबकडीही त्याच ठेक्यावर सरकते. ग्रिडची वारंवारता आज ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राखायची असते. सबंध दिवस ती ४९.९० वर राहिली, तरी तबकडी जेमतेम तीन मिनिटं मागे पडेल. कधीकाळी वारंवारता ४९ च्याही खाली घसरत असे. दिवसभर ती ४९ वर राहिली असती, तर हीच तबकडी २९ मिनिटं मागे राहिली असती. त्या बाबतीत हा टायमर आज पूर्वीपेक्षा कितीतरी भरवशाचा आहे.

आपल्या कसोटीवर मात्र तो इथेच अडतो. लाइट गेली, की मोटर थांबते. परत आली, की थांबली होती तिथूनच पुढे चालू लागते. दुपारी १ ते ४ लाइट नव्हती, तर संध्याकाळी ५ चा दिवा ८ ला लागेल आणि ९ ऐवजी १२ ला मालवेल. हे निदान लक्षात तरी येतं. छोट्या-छोट्या खंडांचं तसं नसतं. रोज २० मिनिटं लाइट गेली, तर महिन्याभरात तबकडी १० तास मागे पडते. संध्याकाळी ५ ची खुंटी पहाटे ३ ला दिवा लावते आणि घरात कुणाला पत्ता नसतो. चूक नेहमी एकाच दिशेला, उशिराकडे, साचत जाते.

तरीही हा टायमर टाकाऊ नाही. त्याची चूक उघड्या डोळ्यांना दिसते आणि हातानं क्षणात सुधारते. दर रविवारी पाण्याचा काही भाग बदलायची सवय असेल, तर त्याच वेळी तबकडी घड्याळाशी जुळवून घ्यावी. घरातलं लहान मूलही हे काम शिकतं. अशी शिस्त असलेल्या घराला हा टायमर वर्षानुवर्षं साथ देतो.

आकड्यांचा टायमर

डिजिटल टायमरात छोटा पडदा असतो आणि आत क्वार्ट्झचा स्फटिक. हा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्यावरून वेळ मोजली जाते, ग्रिडच्या लहरींवरून नाही. महिन्याला मिनिटभर इकडेतिकडे, एवढाच त्याचा फरक. लाइट गेली, तर आतला छोटा रिचार्जेबल सेल घड्याळ चालू ठेवतो. दिवा अर्थातच बंद राहतो, पण वेळ सुटत नाही. लाइट परत आली, की टायमर त्या क्षणी जे असायला हवं ते करतो. आपल्या कसोटीवर हा उत्तम उतरतो.

त्याच्या काही खोडी आधी माहीत असलेल्या बऱ्या. नवा टायमर आणल्यावर पडदा कोरा असेल, तर तो बिघडलेला आहे असं समजू नये. सेल उतरलेला असतो. रात्रभर सॉकेटमध्ये लावून ठेवावा, मग टाचणीच्या टोकानं रीसेटचं बारीक बटण दाबावं आणि त्यानंतरच वेळ लावावी. कार्यक्रम लावताना वारांचा गट निवडावा लागतो. सोमवार ते रविवार सातही वार असलेला गट निवडला नाही, तर रविवारी टँक अंधारात राहतो.

सर्वांत फसवी खोड ‘ऑन–ऑटो–ऑफ’ या बटणाची. दिवा लागतो का हे पाहायला आपण बटण ‘ऑन’वर नेतो आणि मग ‘ऑटो’वर आणतो. अनेक टायमर अशा वेळी दिवा चालूच ठेवतात, बंद करण्याची पुढची ठरलेली वेळ येईपर्यंत. रात्री १० वाजता अशी चाचणी केली, तर दिवा दुसऱ्या दिवशी दुपारी १२ लाच मालवेल. म्हणून दिवा बंद असायच्या वेळेत ‘ऑफ’वरून ‘ऑटो’वर यावं आणि चालू असायच्या वेळेत ‘ऑन’वरून.

हा सेल काही वर्षांनी म्हातारा होतो. लाइट गेल्यावर पडदाही विझू लागला, की त्याचे दिवस भरले असं समजावं. तेव्हापासून हा टायमर खुंट्यांच्या टायमरहूनही वाईट ठरतो, कारण वेळेबरोबर आपण लावलेले कार्यक्रमही तो विसरू शकतो.

मोबाइलवरचा प्लग

वाय-फायवर चालणाऱ्या स्मार्ट प्लगला वेळापत्रक लावणं सर्वांत सोपं. गावाला गेलात, तरी फोनवरून दिवा चालू आहे का ते कळतं. पण असे अनेक प्लग वेळ इंटरनेटवरून घेतात. लाइट परत आल्यावर प्लग लगेच जागा होतो, राउटरला थोडा वेळ लागतो, आणि कधी कधी वादळात इंटरनेटची तारच तुटलेली असते. मग वेळापत्रक प्लगच्या पोटात साठवलेलं असूनही ‘आत्ता किती वाजले’ हे त्याला ठाऊक नसतं.

म्हणून घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. ॲपमध्ये ‘वीज परत आल्यावरची स्थिती’ निवडता येते का? टँकच्या दिव्यासाठी तिथे ‘बंद’ निवडावं. एखादी संध्याकाळ अंधारात गेली, तर माशांचं काही बिघडत नाही, रात्रभर जळणारा दिवा मात्र त्रास देतो. दुसरं, राउटर इन्व्हर्टरवर आहे का? असेल, तर यातली बरीच अडचण मिटते. यातले बरेच प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय ओळखतात, हेही ध्यानात असू द्यावं.

दिव्याच्या वायरीवरचं बटण

स्वस्त क्लिपच्या एलईडी दिव्यांच्या वायरीवर ३, ६, १२ तासांचं बटण असतं. त्यात घड्याळ नसतं. ज्या क्षणी बटण दाबलं तिथून ते तास मोजतं आणि दर २४ तासांनी तेच पुन्हा करतं. लाइट गेली, की बहुतेकांची मोजणी पुसली जाते. त्याच्या भरवशावर राहू नये. असा दिवा वेगळ्या टायमरवर लावायचा झाला, तर आधी एक पाहावं: वीज तोडून पुन्हा दिली, की तो आपणहून लागतो का? काही दिवे बटण दाबल्याशिवाय लागत नाहीत. त्यांना कोणताच टायमर उपयोगी नाही.

पॅनेलमधला टाइम स्विच

दुकानाच्या पाटीसाठी, मंदिराच्या दिव्यांसाठी इलेक्ट्रिशियन बोर्डात जो टाइम स्विच बसवतो, तो फिश टँकवाल्यांना सहसा सुचत नाही. क्वार्ट्झवर चालणाऱ्या आणि राखीव सेल असलेल्या अशा स्विचांची स्मरणशक्ती लांबलचक खंडातही टिकते. पुण्याच्या जनरल इंडस्ट्रियल कंट्रोल्ससारख्या कंपन्या ते बनवतात. यातला एक प्रकार अक्षांश-रेखांशावरून रोजचा सूर्योदय-सूर्यास्त स्वतः काढतो आणि रस्त्यावरच्या दिव्यांसाठी वापरला जातो. टँकला त्याची गरज नाही. घेताना साधा, रोजच्या वेळेचा आणि ‘राखीव’ किती तासांचा ते छापलेला घ्यावा. ज्यांच्याकडे चार-पाच टँक आहेत, त्यांनी सगळे दिवे एका वेगळ्या सर्किटवर घेऊन असा एकच स्विच बसवून घ्यावा.

अँपिअर, पाणी आणि फिल्टर

टँकचा दिवा जेमतेम १० ते ४० वॅटचा, म्हणून कुठलाही टायमर चालेल असं वाटतं. पण एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये कपॅसिटर असतो. दिवा लावल्याच्या क्षणी तो रिकामा असतो आणि क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. रोज दोनदा असा झटका बसून हलक्या टायमरच्या रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटतात आणि मग दिवा मालवतच नाही. म्हणून १६ अँपिअर लिहिलेला टायमर घ्यावा. ती क्षमता वॅटसाठी नाही, या झटक्यासाठी हवी. इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरीचा असेल, तर काही टायमर त्यावर घरघरतात किंवा तापतात. तासाभरानं हात लावून पाहावं.

टायमर टँकच्या पाण्याच्या पातळीखाली किंवा झाकणावर ठेवू नये. वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोल देऊन वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. घराच्या बोर्डात विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल, तर ओल्या हाताच्या माणसाचा जीव वाचतो.

आणि एक गोष्ट टायमरवर कधीही लावू नये: फिल्टर. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात राहतात. त्यांना वाहत्या पाण्यातला प्राणवायू सतत लागतो. दिव्यासोबत फिल्टरही रात्री बंद झाला, तर ते मरू लागतात आणि सकाळी पाणी विषारी होऊ लागतं. हीटरलाही टायमर नको, त्याचा थर्मोस्टॅट त्याला पुरेसा आहे. एक्स्टेन्शन बोर्ड टायमरवर लावून त्यात सगळंच खुपसणं ही फार महागात पडणारी सोय आहे.

शेवटी कोणता घ्यावा

लाइट क्वचित जात असेल आणि आठवड्यातून एकदा तबकडी जुळवायची सवय असेल, तर खुंट्यांचा. लाइट वारंवार जात असेल, तर सेल असलेला डिजिटल. वारासिवनीतल्या बहुतेक घरांना मी हाच सुचवीन. राउटर इन्व्हर्टरवर असेल आणि प्रवास फार असेल, तर वाय-फायचा प्लग. टँक अनेक असतील, तर पॅनेलमधला.

खुंट्यांचा सोडून जो घ्याल तो बसवल्यावर टँकच्या दिव्याची वेळ चालू असताना त्या सॉकेटचं बटण अर्धा तास बंद करून पुन्हा लावा आणि वेळ जागेवर आहे का ते बघा. वाय-फायचा प्लग असेल, तर राउटरही बंद करून हीच चाचणी करा. दुसऱ्या दिवशी दिवा ठरल्या वेळी लागला आणि ठरल्या वेळी मालवला, तरच टायमर पास. नाहीतर दुकानदाराकडे परत न्यायला अजून मुदत असते.